बाबांची पाऊणकी

ऑफिसातल्या मैत्रिणीने गेल्या वर्षी मला मोबाइलवर एक यादी पाठवली. कुत्र्यांना सोबत नेता येईल असे समुद्रकिनारे. ती नुकतीच तिच्या लॅब्राडोरला घेऊन गोव्याला जाऊन आली होती आणि आल्यापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. तिथल्या हॉटेलात म्हणे कुत्र्याला वेगळा टॉवेल देतात, पाण्याचं भांडं देतात. फोटोत लॅब्राडोर नारळाच्या झाडाखाली आरामखुर्चीवर पाय पसरून बसला होता आणि ती स्वतः खाली वाळूत. "तू पण तुझ्या बाबांना आणि कुत्र्याला घेऊन जा ना एकदा," तिने खाली लिहिलं होतं. "किती बरं वाटेल त्यांना!"

मी तिला एक अंगठा पाठवला. सल्ले देणाऱ्यांना अंगठा दाखवायची ही सोय मोबाइलने फार चांगली केली आहे.

बाबांना बरं वाटलं असतं यात शंका नाही. फक्त बाबांचा डावा हात आणि डावा पाय गेला होता. आम्ही राहतो गिरगावातल्या एका वाडीत, पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी आणि चांगला उभा. आणि आमचा कुत्रा गाडीत बसला की ओकतो. कोकणात गावी न्यायचं मी डॉक्टरांना एकदा विचारून पाहिलं होतं, तर ते म्हणाले, दहा तास गाडीत? मनातही आणू नका. तेव्हा आम्हाला समुद्रकिनारा म्हणजे गिरगाव चौपाटी, आणि तिथे कुत्र्याला टॉवेल तर सोडाच, या बसा म्हणणारंही कुणी नव्हतं.

गावच्या किनाऱ्यावर हा प्रश्नच नव्हता. मालवणच्या बाजूला आमचं गाव. तिथे कुत्री किनाऱ्यावरच झोपतात, होड्यांच्या सावलीत, आणि माणसं त्यांना वळसा घालून जातात. त्यांचं कुणी स्वागत करत नाही, कारण पाहुणे ते नसून आपण असतो. बाबा मुंबईत आले ते विशीत. माझगावला गोदीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई गेली त्या वर्षी वाडीतलं एक तपकिरी पिल्लू त्यांच्या मागे जिना चढून वर आलं. "मी नाही आणलं. ताच इला," असं ते सगळ्यांना सांगत. त्याला नावही ठेवलं नाही. 'ए' म्हटलं की तो येतो आणि 'ए ए' म्हटलं की जातो, एवढ्यावर त्या दोघांचं दहा वर्षं भागलं.

रोज ते दोघं चौपाटीवर जात, पण रोज एका वेळी नाही. ओहोटीच्या वेळी जात. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, गुडघ्याला त्रास होत नाही आणि कुत्र्याला पळायला मोकळं मैदान मिळतं. ओहोटी कधी हे बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून ठरवत. वेळ तिथे लिहिलेली नसते, तिथी असते. आमच्याकडचं गणित साधं आहे. तिथी कितवी ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. मुंबईत मात्र वर आणखी पाऊण तास धरायचा. "हयचो दर्या आळशी," बाबा म्हणत. "गावात पाणी चढून उतराक लागता, तेव्हा हयचो तोंड धुता."

हे गणित मी सात-आठ वर्षांची असताना शिकले. त्या काळी शाळेतून पाऊणकी कधीच हद्दपार झाली होती, पण आमच्या घरात ती होती. पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन. मे महिन्यात गावी गेलो की समुद्रात पाय घालायच्या आधी तिथीचं गणित सांगावं लागे. चुकलं तर वाळूत बसून पुन्हा. माझे चुलतभाऊ तोवर गळाभर पाण्यात. मला तेव्हा बाबांचा इतका राग यायचा की एकदा मी मुद्दाम सगळ्या तिथ्यांना 'बारा वाजता' असंच उत्तर दिलं. बाबा म्हणाले, "बरा. मग बारा वाजता ये." आणि मला खरोखरच बारापर्यंत बसवून ठेवलं.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि मागोमाग ते. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं जड झालं होतं, पण समजत होतं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मोठा झटका दिसतो, म्हणाले, पण पुढे बारीक बारीक येऊ शकतात, ते दिसणार नाहीत. एक दिवस एखादी गोष्ट जाईल, मग दुसरी. रोज त्यांना काहीतरी विचारत जा, जे त्यांना हमखास येतं असं. ते चुकायला लागलं तर मला कळवा. मी विचारलं, कळवल्यावर तुम्ही काय कराल? ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

हमखास येतं असं म्हणजे काय विचारायचं, याचा मला विचारच करावा लागला नाही. रोज सकाळी चहा देताना मी तिथी वाचून दाखवायची आणि विचारायची, "बाबा, आज भरती किती वाजता? ओहोटी किती वाजता?" ते उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत आणि सांगत. मग मी स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवर खरी वेळ बघायची. दहा-पंधरा मिनिटं इकडे तिकडे, पण बरोबर. बरोबर आलं की मला दिवसभर काही वाटत नसे. ऑफिसात कुणी काही बोललं, बॉस कटकट करू लागला, तरी मी मनात म्हणायची, बोल बाबा, माझ्या घरी पावणेदहाचं पावणेदहा आलंय.

एकदा वाळूवर जायचंय असं ते सारखं म्हणत. दुसरं काही मागत नव्हते. मी चाकांची खुर्ची आणली होती, पण चाकं कोरड्या वाळूत रुततात हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. "ओहोटीक जावया," ते म्हणाले. "ओली वाळू रस्त्यासारखी असता. खुर्ची चलतली." मग रविवार शोधायला लागलो. माघातला एक रविवार त्यांनी पसंत केला. चतुर्दशी होती. सकाळी तिथी ऐकून त्यांनी पेरं मोजली आणि म्हणाले, "ओहोटी सव्वाअकराक."

मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात आले. मोबाइल काढायच्या आधीच मला कळलं होतं, कारण पाऊणकी मलाही येते. चौदाचे पाऊणपट साडेदहा, वर पाऊण तास, सव्वाअकरा. ही भरतीची वेळ. भरतीलाच ते ओहोटी म्हणत होते. मोबाइलनेही तेच सांगितलं. सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि चतुर्दशीची म्हणजे मोठी भरती.

मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. पण शेजारच्या दोन खोल्यांतले दोघेजण खुर्ची जिन्यावरून खाली उतरवायला येऊन उभे होते. बाबांनी लग्नाकार्यातला पांढरा शर्ट घालून घेतला होता. एका हाताने त्यांनी स्वतःच स्वतःचे केस विंचरले होते, भांग जरा वाकडा आला होता. आणि कुत्रा दाराशी शेपूट आपटत होता. मी पाण्याची बाटली भरली, नॅपकिन घेतला, दाराला कुलूप लावलं. एवढं धड काम करणारी बाई मूर्ख कशी असेल, असं मला बघणाऱ्याला वाटलं असतं.

चौपाटीकडे जाताना स्टेशनच्या पुलाला जिने लागतात, म्हणून ऑपेरा हाऊसवरून वळसा घेतला. कुत्र्याचा पट्टा खुर्चीच्या मुठीला बांधला होता. त्याला वाटत होतं खुर्ची तोच ओढतोय. सगळा रस्ता बाबा बोलत होते. वाळू कुठपर्यंत उघडी असेल, कुठून आत शिरायचं, पाण्याच्या किती जवळ थांबायचं. मी हं हं करत ढकलत होते. वाटत होतं सिग्नल लागावा आणि सुटूच नये. सिग्नल लागलेही, पण सगळे सुटले.

चौपाटीवर पोचलो तर पाणी वर आलेलं. समोर उरली होती ती नुसती कोरडी, पायांनी तुडवून भुसभुशीत झालेली वाळूची पट्टी. बाबांनी थांब म्हणायची वाट न बघता मी खुर्ची आत घातली. सहा-सात पावलं गेली असेल, मग पुढची छोटी चाकं बुडाली. ढकलली तर आणखी बुडाली. मागे ओढायला गेले तर खुर्ची कलली आणि बाबा एका बाजूला झुकले. त्यांचा उजवा हात दांड्यावर घट्ट आवळला गेला. मी समोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या छातीला हात लावून त्यांना धरून ठेवलं. सोडलं तर ते पडणार, आणि धरून ठेवलं तर खुर्ची कोण काढणार? कुत्रा पट्ट्याला हिसके देत भुंकत होता. बाजूला एक कुटुंब भेळ खात होतं, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि मुलांना पलीकडे घेतलं, कुत्रा चावेल म्हणून.

शिट्टी वाजवत एक वॉचमन आला. "मॅडम, डॉग को इधर नहीं लाने का."

"अहो, कुत्र्याचं काय घेऊन बसलात, खुर्ची बघा ना!" मी ओरडले. त्याने खुर्ची बघितली, बाबांना बघितलं, शिट्टी खिशात टाकली आणि खुर्ची मागून धरली. मग जवळच्या स्टॉलवरचा भेळवाला आला. तिघांनी मिळून बाबांना खुर्चीसकट उचलून फरसबंदीवर ठेवलं. वॉचमन घाम पुसत म्हणाला, "अंकल, भरती में कायको आया? शाम को आने का, पानी नीचे रहता है."

बाबा समुद्राकडे बघत होते. ते म्हणाले, "दर्यात रस्तो बांधलानी ना? तेव्हापासून ह्याचा घड्याळ बिघाडला."

"हो बाबा," मी म्हटलं. "तसंच असेल."

हे माझं पहिलं खोटं. ते एवढं सोपं गेलं की पुढची आपोआप येत गेली.

डॉक्टरांना मी कळवलं. ते म्हणाले, हं. गोळी एक वाढवली.

त्यानंतर, आजारपणात वाडीतल्या वाडीतच फिरलेल्या कुत्र्याला मी एकटीच चौपाटीवर नेऊ लागले, सकाळी ऑफिसच्या आधी. त्याला फिरवायला तर हवंच. बाबांना विचारणंही मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्यांना कळलं असतं. ते पेरं मोजत, पाऊणकी अचूक करत, आणि शेवटी भरतीला ओहोटी आणि ओहोटीला भरती म्हणत. मी परत आले की विचारत, "पाणी होता?" आणि त्यांनी भरती सांगितली असेल तर मी म्हणायची, "होतं ना, पार वर आलं होतं." ओहोटी सांगितली असेल तर, "लांब गेलं होतं, चालून पाय दुखले." समुद्र काय, तो कुठे चुगली करायला घरी येणार होता. माझं बोलणं चालू असताना कुत्रा बाबांच्या पलंगापाशी जायचा, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि ते त्याचे पंजे हातात घेऊन कुरवाळत बसायचे. मला बरं वाटायचं, चला, दोघांचं छान चाललंय.

द्वितीया होती त्या दिवशी. बाबांनी सांगितलं होतं, सव्वाआठला भरती. मी आठाला चौपाटीवर होते आणि पाणी इतकं आत गेलं होतं की कुत्रा काळ्या चिखलात पोटापर्यंत लोळून आला. घरी आल्यावर नेहमीसारखं मी म्हटलं, "काय पाणी होतं बाबा आज! वाळू दिसेना." आणि पोळ्यांसाठी कणीक काढायला वळले.

"चेडवा," बाबांनी मला हाक मारली. "हय ये."

त्यांनी कुत्र्याचा पंजा हातात धरला होता. बोटांच्या फटीतून अंगठा फिरवून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. अंगठ्यावर काळा गाळ होता. चाळीस वर्षं गोदीत काढलेला माणूस. गाळ कुठला आणि पाणी किती लांब गेल्यावर तो लागतो, हे त्यांना मी काय सांगणार?

"पंधरा दिवस बघतंय," ते म्हणाले. जड जिभेने, पण सावकाश, एकेक शब्द धरून. "मी भरती म्हणालंय की ह्याच्या पायाक चिखल. मी ओहोटी म्हणालंय की सुकी वाळू. तू मोबाइलात बघतंस ना? मी ह्याच्या पायात बघतंय."

मी कणकेचा डबा हातात घेऊन तशीच उभी. मी रोज चोरून त्यांना तपासत होते आणि तेही चोरून स्वतःला तपासत होते. आपलं उत्तर चुकलं हे रोज त्यांना कळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी विचारलं की ते पुन्हा पेरं मोजत होते. काय चुकतंय तेवढं त्यांना सापडत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, बाबा, पाऊणपट येते ती भरती, तिलाच तुम्ही ओहोटी म्हणता, बाकी सगळं बरोबर आहे. सांगितलंही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली. मग म्हणाले, "मग ओहोटी ती खयची?"

मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं. कुत्रा एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होता. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती, "खोटा बोलूचा असात तर आधी तेचे पाय धुवन घेवन ये. इतक्या शिकवलंय तुका, आणि इतक्या कळना नाय?"

तेव्हापासून मी परतताना चौपाटीवर एका स्टॉलमागच्या नळावर त्याचे पाय धुते. नळ त्या भेळवाल्याचा, त्या दिवशी खुर्ची उचलायला आलेला. सकाळी तो भांडी घासत असतो. तो एकदा म्हणाला, "काय ताई, कुत्र्याला देवळात नेता काय इथून?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. फक्त चुकलेल्या दिवशी धुतले असते तर ओले पाय बघूनच बाबांना कळलं असतं, म्हणून रोजच धुते. चारही पाय, बोटांच्या फटींसकट, मग जुन्या पंच्याने पुसते. टॉवेल मिळाला एकदाचा त्याला. घरी आलो की बाबा पंजे हातात घेतात, विचारतात, "पाणी होता?" आणि मी म्हणते, "होतं." त्यापुढे ते काही विचारत नाहीत.

गेल्या आठवड्यात अष्टमी होती. मी सवयीने विचारलं. बाबांनी पेरं मोजली, खूप वेळ मोजली, मध्येच थांबून पुन्हा सुरुवातीपासून मोजली. म्हणाले, "भरती पावणेसाताक. ओहोटी दुपारी, पाऊण वाजता."

मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. तिथेच मोजलं. आठाचे पाऊणपट सहा, वर पाऊण तास, पावणेसात. पुढे सहा तास, पाऊण. सगळं जिथल्या तिथे होतं. कुत्र्याला घेऊन मी जवळजवळ धावतच गेले. पाणी वर आलं होतं, मोठी नाही, अष्टमीची बेताची भरती, पण भरतीच. चिखलाचा ठिपका नव्हता कुठे. मी त्याला कोरड्या वाळूत खूप पळवलं, मीही पळाले, या वयात. मग नळावर आलो, आणि मोबाइलवर डॉक्टरांचा नंबर शोधता शोधता माझ्या हातांनी रोजच्यासारखे त्याचे चारही पाय धुतले, फटींसकट, आणि पुसले.

घरी पोचून मी दारातूनच म्हटलं, "बाबा, होतं! आज खरंच होतं. पावणेसातला भरती, तुम्ही म्हणालात तशीच."

कुत्र्याने मांडीवर पाय ठेवले. बाबांनी पंजा हातात घेतला, बोटांच्या फटीतून अंगठा फिरवला. पंजा रोजच्यासारखाच स्वच्छ होता आणि ओला होता.

"होय गो," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "होता. होता."